काचेचा मक्ता

पुनावळ्याच्या खंडूआबांनी पोतं उलटं केलं आणि मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर काच सांडली. फुटक्या बाटल्यांचे गळे, बल्बचे तुकडे, गंजकी ब्लेडं, टॉनिकच्या बाटलीचं बूड. खालची फाईल मी घाईने ओढून घेतली.

"ह्ये तुमचं खत," आबा म्हणाले. "एका बैलगाडीत एवढं निघालं. आमच्या बैलाच्या खुरात शिरली काच. आमी शेतात अनवाणी चालणारी माणसं हाय, सायेब. इथनं पुढं तुमचं खत नगं आमाला."

मुख्याधिकारी देशमुख साहेबांनी एक तुकडा उचलून उजेडात धरला आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी नगरपालिकेत सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. शहराचा कचरा माझा, म्हणजे कचऱ्यातली काचही माझीच.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्याकडे तेव्हा नगरपालिकाच होती, महापालिका व्हायची होती. पिंपरी, चिंचवड, भोसरी अशी गावं एकत्र करून तिची हद्द आखलेली. गावात अजून गोठे होते आणि गोठ्याला लागून कंपनीची भिंत. पुनावळं हद्दीबाहेरचं साधं खेडं होतं. तिथले शेतकरी आमच्या खतडेपोवर गाड्या घेऊन यायचे.

खतडेपो म्हणजे गावाबाहेरची लांब खड्ड्यांची रांग. खड्ड्यात कचऱ्याचा एक थर, त्यावर मातीचा आणि शेणाचा थर, वरून पाणी. भरला की झाकून टाकायचा. काही महिन्यांनी उकरला की काळं, भुसभुशीत खत निघतं. पूर्वी हे बिनबोभाट चालायचं, कारण घरातून बाहेर पडायचं ते भाजीचे देठ, राख आणि पालापाचोळा. मग कंपन्या आल्या. पगार आले. पगारातून दाढीची ब्लेडं, ट्यूबलाइट, मुलांची टॉनिकं, पावडरचे डबे आले आणि ते सगळं फुटून, रिकामं होऊन सिमेंटच्या कचराकुंडीत पडू लागलं. कुंडीतून ते खड्ड्यात आणि खड्ड्यातून आबांच्या बैलाच्या खुरात.

देशमुख साहेबांना खताचं वेड होतं. साताऱ्याकडच्या शेतकरी घरातला माणूस. डेपोवर आले की मूठभर खत उचलून हुंगायचे. वास मनासारखा असला तर मुकादमाला चहा सांगायचे, नसला तर न बोलता जीपमध्ये बसायचे. रस्ते, पाणी, दिवे यांच्या फायली ते नियमाने बघत. खताची फाईल मात्र घरी नेत.

आबांना त्यांनी खुर्ची दिली, बैलाची चौकशी केली आणि काच निघत नाही तोवर खत विकणार नाही असा शब्द दिला. आबा गेल्यावर मला म्हणाले, "काच खड्ड्यात गेल्यावर वेचून उपयोग नाही. ती घरातच वेगळी राहिली पाहिजे. ओलं एका बादलीत, सुकं दुसऱ्या."

आज शाळेतलं पोरही हे सांगेल. मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं की दुसरी बादली नगरपालिका देणार आहे का.

बादलीपेक्षा मोठा प्रश्न माणसांचा होता. आमचे सफाई कामगार कुंड्या उपसण्यालाच कमी पडत. दारोदार जाऊन सुका कचरा गोळा करायला माणूसबळ नव्हतं. म्हणून मक्ता द्यायचं ठरलं. मक्ता म्हणजे ठरावीक मुदतीसाठी एखाद्या कामाचा हक्क. एरवी टेंडर काढलं की जो सर्वांत कमी पैशात काम करेल त्याला ते मिळतं. इथे उलटं होतं. बाटल्या, पत्रा, रद्दी हा विकला जाणारा माल. तेव्हा मक्तेदाराने तो न्यावा आणि त्याबद्दल नगरपालिकेलाच काही रक्कम भरावी. जो जास्त भरेल त्याला मक्ता. अटींमध्ये मी एक ओळ घातली होती: घरातला सर्व सुका कचरा, फुटक्या काचेसह, उचलावा लागेल. लिहिताना ती मला साधी ओळ वाटली होती.

दोन टेंडरं आली.

पहिलं भोसरीच्या जमनाशेठचं. भंगारातलं मोठं नाव. वर्कशॉपमधला लोखंडाचा कीस आणि कातरलेला पत्रा त्यांच्याच गोदामात जायचा. स्वतःची लॉरी होती, पांढरंशुभ्र धोतर नेसायचे आणि कुणाशीही आवाज चढवून बोलत नसत.

दुसरं टेंडर घेऊन आला अंकुश गायके. तो फॉर्म न्यायला आला तेव्हा मला वाटलं, कुंडी भरल्याची तक्रार घेऊन आलाय. अंगात कंपनीचा निळा युनिफॉर्म. बीडकडचा, भोसरीत एका खोलीत बायकोबरोबर राहायचा. एका इंजिनिअरिंग कंपनीत फिटर होता. कंपनीत टाळेबंदी लागून बरेच महिने झाले होते. टाळेबंदी म्हणजे मालकाने गेटला कुलूप लावणं. नोकरी असते, पण काम नसतं आणि पगारही नसतो. त्याने समोर बसून फॉर्ममधली प्रत्येक अट मला विचारली. जाताना मी विचारलं, कंपनी बंद असताना युनिफॉर्म का घातलाय. तो नुसता हसला. अंगावर घालण्यासारखा तेवढाच एक धड शर्ट उरला होता, हे पुढे कौसल्याबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोने सांगितलं.

लखोटे उघडले. जमनाशेठची रक्कम अंकुशच्या कितीतरी वर होती. नियमाने प्रश्न तिथेच संपला होता. साहेब शिफारशीवर सही करायला पेन उघडत होते, तेवढ्यात मी शेठना विचारलं, "शेठजी, फुटकी काच पण नेणार ना?"

"काच कशाला?" ते शांतपणे म्हणाले. "काचेत काय मिळतं? रद्दी, पत्रा, आख्खी बाटली, हे आमचं."

"अटीत आहे."

"अटीत पुष्कळ असतं, साहेब."

ते लबाडीने बोलले नव्हते. त्यांच्या धंद्यात अटी अशाच वाचल्या जात असतील. देशमुख साहेबांनी पेन बंद केलं. म्हणाले, निर्णय नंतर. आधी दोघांनी दोन आठवडे काम करून दाखवायचं. कामगार वसाहतीची पूर्वेची बाजू शेठकडे, पश्चिमेची अंकुशकडे. मग डेपोवर दोन्ही बाजूंचा ओला कचरा वेगवेगळा पसरून बघू. दोघांनी मान्य केलं.

पूर्वेला पहिल्या दिवशी लॉरी आली. हॉर्न वाजला. शेठची माणसं चटपटीत होती, पण लॉरी गल्लीच्या तोंडाशीच उभी राहायची, आत वळत नव्हती. बायकांनी बादल्या तिथवर आणायच्या. ती वेळ नळाला पाणी यायची. पाणी सोडून कचरा घेऊन कोण जाणार? ज्या गेल्या त्यांच्या बादलीत रद्दी नव्हती. हे मला आधीच सुचायला हवं होतं. रद्दी ही घरातल्या बाईची मिळकत असते. ती महिनाभर पलंगाखाली साठवते आणि रद्दीवाल्याशी घासाघीस करून विकते. जुने कपडे बोहारणीसाठी, त्यावर पातेलं मिळतं. नगरपालिकेने दवंडी पिटली म्हणून त्या फुकट थोड्याच देणार? शेठच्या माणसांनी पत्र्याचे डबे आणि धड बाटल्या उचलल्या. काचा, ब्लेडं, बल्ब बादलीत तसेच सोडले. बायकांनी ते पुन्हा कुंडीत ओतले.

पश्चिमेला हातगाडी आली. अंकुश ओढत होता. कौसल्याबाई मागून ढकलत होत्या. अंगाने बारीक, पदर खोचलेला, पायात पुरुषी चप्पल. चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि एकदा बोलायला लागल्या की थांबत नसत. त्यांनी पहिल्याच दिवशी घराघरांत जाऊन सांगितलं की रद्दी तुमची तुम्ही विका, बोहारणीचे कपडे बोहारणीला द्या, त्यात मी हात घालणार नाही. मला तेवढं फुटलेलं, गंजलेलं आणि कुणी घेत नाही ते द्या. दर घरी डालड्याचा एक रिकामा डबा दिला. डब्याला झाकण होतं, म्हणजे पोराबाळांच्या हाताला काच लागायची नाही. डबे त्यांनी एका खानावळीतून मागून आणले होते. माझ्या बायकोचा बादलीचा प्रश्न असा सुटला.

बायकांना हे पटलं. घरात फुटलेल्या काचेचं काय करायचं हे कुणालाच कळत नसतं. वर्तमानपत्रात गुंडाळून ती दाराआड ठेवतात आणि विसरतात. आता ती मागायला कुणीतरी दारात येत होतं. चार-सहा दिवसांत कौसल्याबाईंना कोणत्या घरात बाळंतीण आहे आणि कुणाचा नवरा नाइट शिफ्ट करून झोपलाय हे माहीत झालं. झोपलेल्याच्या दारात त्या कडी वाजवत नसत.

मी सायकलवरून रोज एक फेरी मारायचो. एका सकाळी पाहिलं तर गाडी एका गल्लीच्या टोकाला उभी आणि अंकुश गाडीमागे, गल्लीकडे पाठ करून बसलेला. कौसल्याबाई एकट्याच आत गेल्या होत्या. मी विचारलं, बरं नाही का?

"बरं हाय, साहेब."

"मग?"

त्याने हळू आवाजात सांगितलं. त्या गल्लीत मागच्या घरात त्याचे सुपरवायझर राहत होते. नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलेलं. मशीनवरचा जॉब करावा तर गायकेने, असं ते सगळ्यांसमोर म्हणत. "त्यांच्या दारात डबा मागायला कसं जावं? इथं आलो की पाय उचलत न्हाई माझा."

कष्टाला लाज नसते वगैरे वाक्यं मला येत होती. शाळांमध्ये स्वच्छतेवर भाषणं देताना मी ती वापरायचो. त्याच्यासमोर ती तोंडातून निघेनात. मी सायकल लावली आणि त्याच्याशेजारी बसून राहिलो.

कौसल्याबाई डबे घेऊन आल्या. मला बघून त्यांनी सगळं ओळखलं असावं. म्हणाल्या, "ह्यांनी गाडी ओढावी, दारात मी जाते. असंच ठरलंय आमचं." आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चला, ऊन व्हायलंय." तो उठला.

दोन आठवडे संपले. डेपोवर दोन्ही बाजूंचा ताजा कचरा वेगळा पसरला. खत व्हायला महिने लागतात, तेवढं थांबणं शक्य नव्हतं. साहेब आले, जमनाशेठ आले, गायके नवराबायको आली. मुकादमाने दाताळं फिरवलं. पूर्वेच्या ढिगात दाताळं पहिल्याच ओढीला काचेवर खरखरलं. पश्चिमेच्या ढिगात देठ, सालं, राख, एक तुटका कंगवा. साहेबांनी स्वतः वाकून हात घातला. मी नको म्हणेपर्यंत कोपरापर्यंत हात आत. बाहेर काढला तर ओरखडा नाही.

जमनाशेठ माझ्याआधीच बोलले. "साहेब, मला सोडा. रद्दी बाया देत नाहीत आणि रद्दीशिवाय माझ्या लॉरीचं डिझेल निघत नाही. हे काम लॉरीवाल्याचं नाही, दारात उभं राहणाऱ्याचं आहे." त्यांनी तिथेच टेंडर मागे घेतल्याचं लिहून दिलं. नंतर ते कौसल्याबाईंकडे गेले आणि फुटक्या काचेचं काय करता असं विचारलं. त्यांनी सांगितलं, रंगाप्रमाणे वेगळी करून बाटल्या बनवणाऱ्या कारखान्याला देते. तिथे जुनी काच वितळवून पुन्हा वापरतात. शेठ मान हलवत निघून गेले.

मला वाटलं, झालं. पण मक्ता मुख्याधिकारी देत नाहीत. समिती देते. समितीत निवडून आलेले सभासद असतात. त्यातले भाऊसाहेब जुन्या गावातले, वयाने मोठे. त्यांचा शब्द तिथे चालायचा. त्यांना सगळं समजावून सांगितलं. ढिगाचं ऐकून ते खूश झाले. मग त्यांनी अंकुशला समोर बोलावलं आणि विचारलं, "कंपनी उघडली तर काय करशील रं?"

हा प्रश्न मी फॉर्ममध्ये विचारला नव्हता. मक्ता वर्षाचा होता. मक्तेदार मधेच सोडून गेला तर काच पुन्हा खड्ड्यात. टाळेबंदी उठणार अशी कुजबुज त्या आठवड्यात भोसरीभर चालली होती. अंकुशलाही माहीत होतं. एक शब्द खोटं बोलला असता तर मक्ता त्याचा होता. मी मनातल्या मनात म्हणत होतो, नाही जाणार म्हण.

"जाईन, साहेब," तो म्हणाला.

"मंग मक्ता?"

"फिटर हाय मी. मशीन चालू झालं तर मी बाहेर राहू शकायचो न्हाई. खोटं कसं सांगू?"

भाऊसाहेबांनी कागद बाजूला सारले. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. "खरं बोल्लास. पण मंग तुला कसा द्यायचा?"

अंकुश नमस्कार करून वळला. दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावर कौसल्याबाई बसल्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या आत आल्या. बोलावलं कुणीच नव्हतं.

"हे जातील," त्या म्हणाल्या. "मी कुठं जाणार हाय? दारात मीच जाते रोज. मक्ता माझ्या नावावर द्या."

भाऊसाहेब मुख्याधिकाऱ्यांकडे बघून म्हणाले, बाईमाणूस मक्तेदार कधी ऐकलेलं न्हाई. उद्या काही नुकसान झालं तर कुणाला धरायचं?

"मलाच धरा की," कौसल्याबाई म्हणाल्या. "मी काय पळून जाते? पश्चिमेच्या कुठल्याबी घरात विचारा, कौसल्या कुठं सापडंल. सांगतील."

भाऊसाहेबांना हसू आलं, पण ते त्यांनी मिशीत दाबलं. देशमुख साहेबांनी नियमांचं पुस्तक काढलं. ते पान शोधत असताना कुणी हललं नाही. बराच वेळ वाचून ते म्हणाले, "मक्तेदार एवढंच म्हटलंय. तो पुरुषच असावा असं कुठे नाही. मात्र टेंडर नवऱ्याच्या नावाचं आहे. ते बदलता येणार नाही. नवं काढावं लागेल."

नवं टेंडर म्हणजे पुन्हा नोटीस, पुन्हा मुदत, पुन्हा लखोटे. मी म्हणालो, तोवर वसाहतीचं काय? साहेब म्हणाले, नियमाने काहीच नाही. मक्ता नाही तर काम नाही. कौसल्याबाईंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या सकाळी गाडी नेहमीच्या वेळी वसाहतीत होती. मी त्यांना म्हणालो, तुम्हाला अजून हक्क मिळालेला नाही. त्या म्हणाल्या की डबे भरलेत, ते काय टेंडर उघडेपर्यंत वाट बघतील? मी हे साहेबांना कळवलं नाही. त्यांनी मला विचारलंही नाही. पण त्या दिवसांत त्यांची जीप वसाहतीच्या रस्त्याने बरीच फिरली.

नव्या टेंडरची मुदत चालू असतानाच टाळेबंदी उठली. भोसरीत लोकांनी पेढे वाटले. अंकुश ऑफिसात मला पेढा द्यायला आला. चेहरा मात्र पेढ्याचा नव्हता. आपण कामावर गेलो की गाडी कौसल्या एकटी कशी ओढणार, हीच चिंता. पश्चिमेचा रस्ता चढाचा होता. भरलेली गाडी एकट्या माणसाला ओढवत नसे. माणूस ठेवायची त्यांची ऐपत नव्हती. कामावर गेला नाही तर नोकरी जाणार. त्याने पहिल्या दिवशी हजेरी लावली आणि त्या दिवशी गाडी वसाहतीतल्या दोघी बायकांनी मागून ढकलली. पण रोज रोज असं कोण करणार, हे सगळ्यांनाच कळत होतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो पुन्हा आला. या वेळी चेहरा वेगळाच होता. उभ्यानेच सांगायला लागला. सुट्टी झाल्यावर तो सुपरवायझरांच्या केबिनबाहेर घुटमळत होता. सेकंड शिफ्ट मागायची होती. सेकंड शिफ्ट म्हणजे दुपारी सुरू होऊन रात्री संपणारी पाळी. ती मिळाली तर सकाळ मोकळी. पण कायमची सेकंड शिफ्ट का हवी, याचं कारण सांगावं लागणार होतं. ते त्याच्या तोंडातून निघेना. शेवटी सुपरवायझरांनीच आत बोलावलं.

"मला म्हणाले, गायके, तुझ्या मिसेसनी आमच्या घरची काच नेली. आमच्या नातवाच्या पायाला आता लागत नाही. तू गल्लीच्या टोकाला का बसतोस रे? आमच्याकडे चहा होत नाही का?"

एवढं सांगून अंकुश थांबला. डोळे पुसायला त्याने युनिफॉर्मची बाही वापरली. त्याला सेकंड शिफ्ट मिळाली होती. त्याने कारण सांगायच्या आधीच मिळाली होती.

त्यानंतर मी त्याला गल्लीच्या टोकाला बसलेला कधी पाहिला नाही. एकदा तर सुपरवायझरांच्या ओट्यावर कपबशी घेऊन बसलेला दिसला. गाडी दारात उभी होती आणि कौसल्याबाई त्याला उठायला सांगत होत्या. त्याची निघायची इच्छा दिसत नव्हती.

टेंडरची मुदत संपायच्या दिवशी कौसल्याबाईंचा एकच लखोटा पेटीत होता. शेवटचा तास उरला असताना जमनाशेठ ऑफिसात शिरले. आमच्या सगळ्यांच्या माना वळल्या. कौसल्याबाई बाकावरून उठून उभ्या राहिल्या. शेठ टेंडरच्या पेटीकडे गेले नाहीत. ते बाईंकडे गेले आणि म्हणाले, "बहनजी, काच तुमची. पत्र्याचे डबे मात्र मला द्या. बाजारभावाने घेईन, गाडी तुमच्या दारात पाठवीन." बाईंनी विचार करते म्हणून सांगितलं. शेठ गेल्यावर खाली बसून त्यांनी पाण्याचा तांब्या रिकामा केला.

समितीने मक्ता मंजूर केला. भाऊसाहेबांनी ठराव मांडला. करारावर सही करताना कौसल्याबाईंनी पेन घट्ट धरलं होतं आणि 'कौसल्या अंकुश गायके' असं सावकाश, एकेक अक्षर सुटं लिहिलं. मग कागद उचलून पुन्हा वाचला. साहेब म्हणाले, काही चुकलंय का? त्या म्हणाल्या, "न्हाई. मक्तेदार लिहिलंय का, ते बघत होते."

वर्ष पुरं झालं. मक्ता पुन्हा त्यांनाच मिळाला, त्यानंतरही मिळाला. पहिलं वर्ष तो पश्चिमेपुरता होता, पुढे पूर्वेची बाजूही त्यांच्याकडे आली आणि त्यांनी टाळेबंदीनंतर कामावर परत न घेतलेल्या आणखी दोन कामगारांच्या बायका सोबत घेतल्या. खतडेपोवर पुनावळ्याच्या बैलगाड्या परत रांगेत उभ्या राहू लागल्या. साहेब बदली होऊन गेले तेव्हा निरोप समारंभात हारतुरे झाले, भाषणं झाली. कौसल्याबाईंनी भाषण केलं नाही. निघताना त्यांनी साहेबांच्या हातात खताची एक पिशवी दिली. साहेबांनी ती सगळ्यांसमोर उघडून हुंगली आणि मुकादमाला चहा सांगितला. मला आठवतं त्याप्रमाणे समारंभात साहेबांना फक्त तेवढ्याच वेळी गहिवर आला.

पुढे बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ टेंडरं काढली. लखोटा उघडला की आपण रक्कम बघतो. यंत्रं किती, गाड्या किती, अनुभव किती, यांचे रकाने असतात. प्रत्यक्षात दारात कोण जाणार याचा रकाना नसतो. म्हणून पुढच्या कचऱ्याच्या टेंडरच्या फॉर्ममध्ये मी तो घातला: 'घरोघरी जाणाऱ्या व्यक्तीचे नाव व तिची ओळख'. मंजुरीसाठी फॉर्म वरच्या ऑफिसात गेला. तिथून तो परत आला तेव्हा तेवढी ओळ लाल शाईने खोडलेली होती आणि समासात शेरा होता: अनावश्यक.